इमारतीला देणगी मिळते, मग संशोधकाला का नाही?

मी रत्नागिरीतून बोलतोय. आपलं गोगटे-जोगळेकर कॉलेज १९४५ सालचं. ती दोन आडनावं आपण रोज किती सहज घेतो! आता सांगा, खाडीतल्या कालवांवर पाच वर्षं संशोधन करणाऱ्या मुलीचा खर्च कुणी दिला, तर ते नाव कोण घेणार?

गंमत म्हणजे, एकाच माणसाने दोन्ही करून पाहिलंय. प्रेमचंद रायचंद. कापसाच्या तेजीत अफाट पैसा कमावलेला मुंबईचा व्यापारी. मुंबई विद्यापीठाला त्यांनी ग्रंथालयासाठी दोन लाख आणि घड्याळाच्या मनोऱ्यासाठी दोन लाख रुपये दिले. मनोऱ्याला आईचं नाव: राजाबाई टॉवर. १८७८ मध्ये तो पूर्ण झाला.

आणि १८६६ मध्ये कलकत्ता विद्यापीठाला दिले आणखी दोन लाख, पण शिष्यवृत्तीसाठी. ती पुढे इतिहासकार जदुनाथ सरकारांना मिळाली, मेघनाद साहांनाही. साहा तिच्या बळावर युरोपात गेले. ताऱ्यांचा अभ्यास करताना त्यांचं समीकरण आजही वापरतात. पण टॉवर सगळ्यांना ठाऊक, शिष्यवृत्ती किती जणांना?

देणगीदाराच्या बाजूने बघूया. इमारत एकदाच बांधायची. फीत कापली, फोटो आला, पाटी लागली. संशोधन मात्र फसूही शकतं, आणि त्याला पैसे दर महिन्याला लागतात. शिवाय तो पैसा नीट वापरला जाईल का, ही धास्ती. भिंत निदान डोळ्यांना दिसते.

जरा हिशोब करू. २०२३ पासून केंद्राची जेआरएफ महिन्याला ३७,००० रुपये आहे, म्हणजे वर्षाला ४ लाख ४४ हजार. सहा टक्के व्याज धरलं, तर ७४ लाखांच्या ठेवीतून एका संशोधकाची जागा कायम चालते. महागाईसोबत रक्कम वाढवायची, तर मात्र बरीच जास्त ठेव लागेल. उलट इमारतीला कोकणातल्या पावसात गळती, रंग, वीजबिल हे आलंच. तो खर्च देणगीदार नाही, कॉलेज भरतं.

इमारती नकोतच असं मी म्हणत नाही. प्रयोगशाळेला छप्पर हवंच. पण त्या छपराखाली काम करणारं माणूस पैशाअभावी नोकरी शोधायला पुण्या-मुंबईला गेलं, तर आत उरतं काय? रिकामी खोली.

म्हणून माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात नव्या सभागृहाचा विषय निघाला, की एवढंच विचारा: पाटी लावूया, पण शिष्यवृत्तीला लावली तर?

भेटू पुढच्या भागात!