अंबाबरवा : वाघाला जागा मिळाली, वाटांचे काय?

बुलढाणा जिल्ह्यातल्या संग्रामपूर तालुक्याच्या उत्तरेला सातपुड्यात 127.11 चौरस किलोमीटरचे अंबाबरवा अभयारण्य 1997 मध्ये जाहीर झाले. शेजारच्या वान आणि नरनाळा अभयारण्यांसह ते आज मेळघाट व्याघ्र प्रकल्पात मोडते. मधल्या पाव शतकाचा हिशेब मांडला तर जंगलाने बरेच कमावले. जंगलातून जाणारा अकोला-खंडवा मीटरगेज मार्ग रुंद करायचा की बाहेरून वळवायचा, हा वाद वर्षानुवर्षे चालला. अखेर हिवरखेड, सोनाळा, जामोद असा बाहेरचा मार्ग पुढे आला. म्हणजे वाघाच्या निवांतपणासाठी रेल्वे वळवावी, हे सरकारदरबारी मान्य झाले. ही लहान गोष्ट नव्हे. पण जंगल राखताना त्यातला माणसाचा इतिहास मात्र आपण बाजूला टाकत आलो, आणि ते अपरिहार्य होते असे मला वाटत नाही.

हा मुलूख इतिहासाने नरनाळा किल्ल्याचा. शेजारच्या तेल्हारा तालुक्यातल्या अडगावला 29 नोव्हेंबर 1803 रोजी इंग्रज सेनापती वेलस्लीने नागपूरकर भोसल्यांचा पराभव केला. पुढच्याच महिन्यात गाविलगड किल्ला पडला आणि देवगावचा तह झाला. तहात वऱ्हाड गेले, तरी नरनाळा आणि गाविलगड भोसल्यांकडेच राहिले. डोंगराच्या या कडेची किंमत त्यांना ठाऊक होती. 1905 मध्ये जळगाव (जामोद) तालुका अकोल्यातून काढून बुलढाण्याला जोडला गेला. संग्रामपूर तेव्हा त्याच तालुक्यात होते. तेव्हापासून किल्ला एका जिल्ह्यात आणि त्याच्या पश्चिमेचे डोंगर दुसऱ्यात. नरनाळ्याच्या महाकाली दरवाजावरचे 1487 चे बहमनी कोरीवकाम बघायला लोक जातात. बुलढाण्याच्या डोंगरातल्या मैलगडाचे नाव मात्र जिल्ह्यातल्याच अनेकांनी ऐकलेले नसते. अभयारण्याला ज्याचे नाव मिळाले ते अंबाबरवा गाव पुनर्वसनात उठले. कोरकू आणि भिलाला माणसांच्या पायाखालच्या वाटाही त्यासोबत विसरल्या जाणार. आलेल्या पाहुण्याला जिप्सीतून वाघ दिसतो किंवा दिसत नाही, एवढेच त्याच्या वाट्याला येते.

या वाटा पायी चालणाऱ्यांना खुल्या कराव्यात म्हटले, की वनखात्याची हरकत ठरलेली असते : पायी माणसे सोडली की कचरा, वणवा आणि हल्ले यांना आमंत्रण. गडांवर सुट्टीच्या दिवशी चालणारा गोंधळ पाहिलेल्या कुणालाही ही भीती खोटी म्हणता येणार नाही. शिवाय जानेवारी 2019 मध्ये केलपाणी परिसरात परतलेले पुनर्वसित गावकरी आणि वनकर्मचारी यांच्यात झालेला संघर्ष विसरता येत नाही. वाट उघडली की हक्काचा प्रश्न उघडतो. पण केरळातल्या पेरियार व्याघ्र प्रकल्पाने पूर्वी जंगलात चोरटी साल काढणाऱ्यांनाच वाटाडे केले आणि मोजक्या पर्यटकांना त्यांच्यासोबत पायी नेले. वाघांचे जंगल आणि पायवाट एकत्र नांदू शकतात, फक्त संख्येवर आणि वेळेवर लगाम हवा. गाभ्यातली सगळी वाट मोकळी करा, अशी मागणी इथे नाही. सोनाळा-वसालीच्या बाजूने बफरमधून एखादी वाट पावसाळ्यानंतरच्या महिन्यांपुरती, पुनर्वसित कुटुंबांतल्या वाटाड्यांसह सुरू करावी. पुरातत्त्व विभागाने मैलगडाची नीट नोंद करावी. अकोला आणि बुलढाणा प्रशासनाने मिळून हे हाती घ्यावे; त्यासाठी नवा कायदा लागत नाही.