हीट प्रेसचे तंत्र : गुलाबी पडलेले आकडे

दाबाचा विचार या आठवड्यात करण्याचे मी कबूल केले होते. परंतु मिरजेहून एका वाचकाचे पत्र आले आहे, आणि त्यातील तक्रार इतकी मोलाची आहे की दाबाला एक आठवडा मुदत द्यावी लागेल. त्यांनी कबड्डीच्या एका संघासाठी मरून पॉलिएस्टर जर्सींवर पांढरे आकडे डीटीएफ ट्रान्सफरने, म्हणजे फिल्मवर छापून पावडरीच्या गोंदाने चिकटविण्याच्या रीतीने, लावले. सुती टी-शर्टांवर ज्या १६० अंश सेल्सिअस व १५ सेकंदांनी चोख काम होत आले, तीच तजवीज येथेही बरहुकूम पाळली. आकडे घट्ट बसले, शुभ्र दिसले, आणि दुसऱ्या दिवशी गठ्ठा सोडला तेव्हा सगळे गुलाबी झाले होते. शाई निकृष्ट असावी, असा त्यांचा तर्क आहे.

शाईचा यात दोष नाही. सुती कापडावर चढविलेला रिअ‍ॅक्टिव्ह रंग तंतूशी रासायनिक बंधाने जोडलेला असतो आणि प्रेसच्या उष्णतेला तो सहसा दाद देत नाही. पॉलिएस्टरला मात्र डिस्पर्स जातीचे रंग लागतात. सुमारे १३० अंशांच्या पाण्यात, दाबाखाली, तंतू सैल झाला असता ते आत शिरतात आणि तो थंडावला की तेथेच अडकून राहतात. जोडलेला आणि अडकलेला, या भेदातच अनर्थाचे मूळ आहे. कारण तंतूला पुन्हा तीव्र उष्णता मिळताच त्या रंगाचे रेणू सुटतात, वायुरूप होतात आणि वर मऊ झालेल्या गोंदातून पांढऱ्या शाईत जाऊन बसतात. सब्लिमेशनची सारी छपाई, जिच्यात २०० अंशांच्या आसपास कागदावरचा रंग पॉलिएस्टरमध्ये उतरतो, याच गुणावर उभी आहे. तोच गुण येथे उलट दिशेने वाहिला. या साऱ्या विषयात मला याहून सुंदर प्रकरण दुसरे आढळलेले नाही.

तेव्हा प्रेस तापविण्यापूर्वी कापडाचा तंतूच नव्हे, त्याचा रंगही विचारला पाहिजे. लाल-मरून छटांच्या, आणि त्याहूनही सब्लिमेशनने छापलेल्या पॉलिएस्टरवर कमी उष्णतेत वितळणारी गोंदाची पावडर घ्यावी, पुरवठादाराचा आकडा प्रमाण मानून १३० अंशांच्या जवळपास राहावे, आणि मिळाल्यास रंग अडविणारी काळसर ब्लॉकर पावडर वापरावी. जर्सी प्रेसवरून काढताच एकावर एक रचू नयेत; गठ्ठ्यात कोंडलेली ऊब रंगाचे हे स्थलांतर पुढे चालू ठेवते. नमुन्यावर निकालही दोन दिवसांनीच द्यावा.

मिरजेच्या वाचकांना विनंती अशी, की पुढील माल स्वीकारण्यापूर्वी त्याच्या एका तुकड्यावर पांढऱ्या पॉलिएस्टरची चिंधी ठेवून १८० अंशांवर ३० सेकंद दाबावी. चिंधी रंगली, तर तो माल जपून हाताळावा, आणि चिंधी मला पाठवावी.