सॉफ्टवेअर घेण्याआधी मापं जुळवा: छोट्या वर्कशॉपचा स्टॉक कसा सांभाळायचा?



स्टोअरमध्ये न जाता सांगा, तुमच्याकडे २५ एमएमचा ईएन-८ बार आत्ता किती शिल्लक आहे? "असतील आठ-दहा" असं उत्तर आलं, तर पुढचं तुमच्यासाठीच आहे. कारण या "असतील"वरच आपण ग्राहकाला डिलिव्हरीची तारीख देतो. मग ऐनवेळी बार संपतो आणि मशीन उभं राहतं. दुसरीकडे रॅकवर न लागणारा माल धूळ खात पडलेला असतो. तो तुमचाच अडकलेला पैसा.

यावर बरेच जण सॉफ्टवेअर घेतात. दोन महिने एंट्री होतात, आकडा काही जुळत नाही आणि खापर फुटतं सॉफ्टवेअरवर. खरी गोम बहुतेक वेळा मापात असते.

खरेदी किलोत, विक्री नगात

सीएनसी टर्निंगचं काम घ्या. बार येतो किलोवर, मशीनवर चढतो लांबीवर आणि विकला जातो नगावर. ही तीन मापं आधी जोडायची.

गोल स्टील बारचं सूत्र सोपं आहे: एमएममधल्या व्यासाचा वर्ग भागिले १६२, म्हणजे एका मीटरचं वजन. ६२५ ÷ १६२ = ३.८६ किलो. म्हणजे ६ मीटरचा बार साधारण २३.१५ किलो.

समजा, पार्ट ६० एमएम लांब आहे. कटिंगचे ३ एमएम धरा आणि चकमध्ये राहणारा १०० एमएमचा तुकडा सोडा. एका बारमधून ९३ नग निघतात, म्हणजे नगाला जवळपास २५० ग्रॅम. तयार पार्ट १८० ग्रॅमचा भरला, तरी स्टॉकमधून २५० ग्रॅमच वजा व्हायला हवेत. उरलेले ७० ग्रॅम स्क्रॅप.

यालाच बिल ऑफ मटेरियल म्हणतात. टॅली प्राइममध्ये किंवा ईआरपीनेक्स्टमध्ये हे एकदा भरून ठेवा. उत्पादनाची एंट्री केली की कच्चा माल त्या हिशोबाने वजा होतो.

मग हे चार नियम पाळा

१. चिठ्ठीशिवाय माल द्यायचा नाही. मालक स्वतः न्यायला आला तरी नाही! एंट्री त्याच दिवशी.

२. रीऑर्डर लेव्हल ठरवा. रोज ४० किलो लागतो आणि माल यायला ५ दिवस लागतात, तर २०० किलो. त्यात दोन दिवसांचे ८० किलो जास्तीचे. स्टॉक २८० किलोवर आला की ऑर्डर द्या.

३. प्लेटिंगला किंवा हीट ट्रीटमेंटला गेलेला माल सॉफ्टवेअरमध्ये त्या जॉबवर्करच्या नावाने वेगळं गोडाऊन करून दाखवा. चलनावर, कर न भरता पाठवलेला असा माल जीएसटी कायद्यानुसार साधारणपणे १ वर्षात परत यावा लागतो किंवा जॉबवर्करकडूनच विकला जावा लागतो. तारीख डोळ्यांसमोर हवी.

४. रोज फक्त पाच आयटम मोजा. फरक दिसला की आकडा गुपचूप बदलू नका. चिठ्ठी राहिली, वजन चुकलं की रिजेक्शन नोंदलं नाही, ते त्याच दिवशी शोधा. महिन्यानंतर कुणालाच आठवत नाही.

पन्नासेक आयटम असतील तर सुरुवातीला एक्सेलही पुरतं. सगळं एकदम करू नका. ज्यात सर्वात जास्त पैसा अडकलाय असे दहा आयटम निवडा. या सुट्टीच्या दिवशी मशीन बंद असताना ते प्रत्यक्ष मोजा आणि सोमवारी तोच आकडा ओपनिंग स्टॉक म्हणून टाका.