फोनमधले फोटो काय काय सांगतात?

मागच्या महिन्यात माझ्या फोनमधली जागा संपली, म्हणून फोटो पुसायला बसले. वाटलं, लग्नाबारशाचे फोटो निघतील. निघाले दोनशेच्या वर फोटो गटातल्या बायांच्या कागदपत्रांचे! आधार, पासबुक, रेशनकार्ड. बहुतेक २०२४ च्या जुलै-ऑगस्टमधले, 'लाडकी बहीण'चे अर्ज भरत होतो तेव्हाचे. अर्ज मंजूर झाले, फोटो माझ्याजवळच राहिले. मधे काच फुटली तेव्हा हाच फोन मी दुकानात दोन दिवस ठेवून आले होते, लॉक उघडायची खूण सांगून. ते आठवलं आणि पोटात गोळा आला.

एका आधारच्या फोटोत नाव, जन्मतारीख, पत्ता आणि बारा आकडी नंबर असतो. पासबुकाच्या पहिल्या पानावर बँक, शाखा, खाते नंबर. नुसत्या खाते नंबरावर कोणी पैसे काढू शकत नाही, हे खरं. पण फोन करणारा तुमचं नाव, शाखा, जन्मतारीख धडाधडा सांगतो, तेव्हा तो बँकेचाच माणूस वाटतो आणि आपण ओटीपी सांगून बसतो. त्याला एवढं कुठून कळलं? अशाच एखाद्या फोटोतून.

२०२४ मध्येच खारघरच्या एका बाईचा 'लाडकी बहीण'चा अर्ज भरलाच जाईना, कारण तिच्या आधार नंबरावर आधीच अर्ज झाला होता. धागा निघाला सातारा जिल्ह्यात. तिथल्या एकाने वेगवेगळे आधार नंबर आणि आपल्याच बायकोचे वेगवेगळे फोटो लावून तीसच्या आसपास अर्ज भरले होते.

अंगठ्याचंही तसंच. २०१८ मध्ये तेलंगणात एकाने जमिनीच्या खरेदीखतांवरचे अंगठे वेबसाइटवरून घेऊन त्यांचे रबरी ठसे बनवले आणि लोकांच्या नावावर सिमकार्डं चालू केली. आता आपण काय करतो? ठरावाचं पान, त्यावर दहा अंगठे, काढला फोटो, टाकला ग्रुपवर. मीही टाकले आहेत.

दुसरी गोष्ट जागेची. ई-पीक पाहणीचा फोटो शेतात उभं राहूनच काढावा लागतो, घरी बसून चालत नाही. काहून? कारण फोटोसोबत फोन ती जागाही लिहून ठेवतो. घरकुलाच्या हप्त्याचा फोटोही तसाच. आपल्या साध्या कॅमेऱ्यात 'लोकेशन' चालू असेल, तर घरातल्या फोटोवरही घराचा पत्ता बसतो. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो पाठवला तर ती नोंद निघून जाते. पण तोच फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर सोबत जाते. जी बाई मारहाणीला कंटाळून घर सोडून कुठे राहते आहे, तिच्यासाठी ही छोटी गोष्ट नाही. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन ते बंद करून टाका. मागे दिसणारी शाळेची पाटी किंवा लेकीचा गणवेशही पत्ता सांगतोच, तो मात्र आपल्यालाच पाहावा लागेल.

महालक्ष्म्यांच्या दिवसांत आपण सगळ्या स्टेटस ठेवतो. देवीच्या अंगावर घरातलं सगळं सोनं, मागे कपाट, बाजूला खिडकी. पुढच्या आठवड्यात 'आम्ही निघालो तिरुपतीले'. दोन्ही फोटो एकाच माणसाने पाहिले तर काय, एवढाच विचार करा.

कर्जाच्या अ‍ॅपचं तर बोलूच नका. पाच मिनिटांत पैसे देतो म्हणतात आणि आधी फोटो अन् फोननंबर पाहायची परवानगी मागतात. हप्ता चुकला की फोटोची छेडछाड करून नातेवाइकांना पाठवायची धमकी. अशा अ‍ॅपने फोटो आणि नंबरांना हात लावायचा नाही, असं रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्येच बजावलं आहे. जे मागतं, त्याला परवानगी देऊ नका. धमकी आली किंवा पैसे गेले तर लगेच १९३० ला फोन लावा. जितका उशीर, तितके पैसे सापडणं कठीण. यात लाज आपली नाही, धमकावणाऱ्याची आहे.

आधार द्यायचंच असेल, तर शेवटचे चारच आकडे दिसतील असं आधार वेबसाइटवरून काढता येतं. जिथे चालतं तिथे तेच द्या. झेरॉक्सवर कशासाठी दिली ते आणि तारीख आडवी लिहा. आधारचे बोटांचे ठसे 'लॉक'ही करता येतात, पण मग अंगठा लावून पैसे काढायच्या आधी ते उघडावे लागतात. ज्यांचा सगळा व्यवहार अंगठ्यावर आहे त्यांनी हे घरातल्या जाणत्या माणसाला सोबत घेऊनच करावं.

मी ते फोटो पुसले. फोनच्या कचरापेटीतूनही पुसले, कारण तिथे ते महिना-दोन महिने पडून असतात. बैठकीत सांगितलं, तर एक आजी रागावली. "मले पुन्हा कागद लागले त मी कोठी जाऊ वं बाई?" तिचा मुद्दा खराच होता. पावसाळ्यात तिचं आधार भिजून गेलं होतं आणि तिच्या कागदांची एकच प्रत उरली होती, ती माझ्या फोनमध्ये. तिच्यासाठी प्लास्टिकचं कार्ड मागवलं. टपालाने आलं, आता ते तिच्या लुगड्यांच्या पेटीत आहे.