घरच्या मोटारीचा अल्टर्नेटर

पेणहून वडखळ, नागोठणें आणि भिसे खिंड या मार्गानें रोह्यास जाणारी वाट ज्यांच्या परिचयाची आहे, त्यांस आषाढांतील रात्र म्हणजे काय हें निराळें सांगावयास नको. रायगड जिल्ह्यांत वर्षाकाठीं तीन हजार मिलिमीटरांच्या आगेंमागें पाऊस पडतो आणि त्याचा बहुतेक भाग चार महिन्यांतच कोसळतो. अशा रात्रीं मोटारीचे दिवे, कांच पुसणारे वायपर आणि कांचेवरील वाफ घालविणारा पंखा हीं सर्व एकदम चालू ठेवावीं लागतात. नेमक्या अशाच वेळीं समोरच्या फलकावर बॅटरीचें तांबडें चिन्ह उजळलें, तर गाडींत वृद्ध आईवडील व निजलेलीं मुलें असणाऱ्या गृहस्थाची स्थिति काय होत असेल, याची कल्पना वाचकांनींच करावी.

त्या चिन्हाचा अर्थ बहुधा एवढाच कीं, बॅटरी आतां भरत नाहीं; जें काय आहे तें सांठ्यांतून खर्च होत आहे. लहान गाडीच्या बॅटरींत सुमारें ३५ ॲम्पिअर-तासांचा सांठा असतो. पुढील दोन दिवेच १० ॲम्पिअर घेतात. वायपर, पंखा, इंधनाचा पंप व ठिणगीची व्यवस्था मिळून आणखी १५ धरले, तर हिशेब सव्वा-दीड तासाचा होतो, आणि जुनी बॅटरी तितकाही दम धरीत नाहीं. म्हणून अशा प्रसंगीं पंखा शक्य तितका कमी करावा, संगीत बंद करावें, इंजिन मात्र थांबवूं नये, आणि जवळचें गांव गांठावें. पट्टाच तुटला असेल व इंजिन तापूं लागलें, तर मात्र थांबण्यावांचून गत्यंतर नाहीं.

अल्टर्नेटर म्हणजे इंजिनाच्या पट्ट्यावर चालणारें लहानसें वीजघर होय. फॅरेडेनें १८३१ सालीं दाखवून दिलेल्या तत्त्वानुसार, फिरत्या चुंबकाभोंवतालच्या तारांच्या वेटोळ्यांत वीज उत्पन्न होते. ती उलटसुलट वाहणारी असल्यामुळें डायोड तिला एका दिशेस लावतात व नियामक तिचा दाब १४ व्होल्टांच्या आसपास राखतो. पूर्वीं हें काम डायनॅमो करीत असे. शेठ वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीच्या जुन्या फियाट गाड्या ज्यांनीं वापरल्या, त्यांस तो आठवत असेल. त्या काळची एक खोड मात्र अजून गेली नाहीं: इंजिन चालू असतां बॅटरीची तार काढून पाहावयाची, गाडी बंद पडली नाहीं तर वीजघर ठीक! आजच्या गाडीवर हा प्रयोग कोणीही करूं लागला तर त्यास तेथेंच थांबवावें. तार सुटतांच दाब एकदम उसळतो आणि डायोडच काय, गाडीचा संगणकही जळूं शकतो.

अल्टर्नेटर खरोखरच बिघडला आहे काय, हें पाहणें आमच्या मतें निम्में काम होय. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीवर मल्टिमीटर लावला असतां १२.६ व्होल्टांच्या आसपास आंकडा दिसावा. इंजिन सुरू केल्यावर तो १३.८ ते १४.४ पर्यंत चढावा. न चढल्यास प्रथम पट्टा पाहावा, मग फ्यूज, मग बॅटरीचीं टोकें व इंजिनापासून सांगाड्यास जाणारी जाड तार. अलीकडच्या कांहीं गाड्यांत संगणक हा दाब मुद्दाम कमीजास्त करतो. तेव्हां दिवे लावून पुन्हां मोजावें.

पेणच्या आमच्या परिचयांतील एका एकत्र कुटुंबांत गणपतीच्या तोंडावर असाच प्रसंग आला. महामार्गावर वाहनांची रीघ, कारागिरांस उसंत नाहीं, आणि रोह्यास माहेरवाशिणीला आणावयास जाणें तर अगत्याचें. एका कारागिरानें गाडी उभ्याउभ्या पाहून नवा अल्टर्नेटर घालावयास सांगितलें. घरांतील कॉलेजांत शिकणाऱ्या पुतण्यानें मल्टिमीटर मागून आणला, तेव्हां आढळलें कीं, धरमतर खाडीकडच्या खाऱ्या हवेनें सांगाड्याच्या तारेचें टोक हिरवें पडून कुजलें होतें. तार नवी बसली आणि काम भागलें. ‘हात काळे करणें आपलें काम नव्हे’ असें त्याच्या काकांचें मत होतें. तें त्यानंतरही पालटलें, असें म्हणवत नाहीं!

दोष अल्टर्नेटरचाच ठरला, तर तो घरीं बदलतां येतो. इंजिन थंड असावें, गाडी सपाट जागीं असावी, मुलें दूर असावींत. अंगठी, कडें, सांखळी उतरून ठेवावी, उपरणें किंवा पदर लोंबतां ठेवूं नये. प्रथम बॅटरीची ऋण तार काढावी. ही तार जोडलेली असतां अल्टर्नेटरच्या जाड तारेस पाना लावणें म्हणजे ठिणगीला आमंत्रण देणें होय. पट्टा कोणकोणत्या कप्प्यांवरून गेला आहे याचें छायाचित्र मोबाइलवर घेऊन ठेवावें, मग ताण सैल करून तो उतरवावा. जोडण्या सोडवाव्या, बोल्ट काढावे आणि जुना व नवा शेजारीं ठेवून ताडून पाहावे: कप्पीवरील खांचा तितक्याच, बोल्टांचीं छिद्रें तेथेंच, ॲम्पिअर कमी नाहींत. नवा बसवितांना सर्व बोल्ट आधीं बोटांनीं लावून मगच आवळावे. जाड तारेचा नट सैल राहिला तर तो तापून जळतो. ताण हातानें द्यावयाचा असल्यास पट्टा सर्वांत लांब पल्ल्याच्या मध्यावर अंगठ्यानें सुमारें १० मिलिमीटर दबावा. ऋण तार सर्वांत शेवटीं.

कांहीं गाड्यांस घरीं हात लावूं नये. कित्येक जुन्या डिझेल गाड्यांत अल्टर्नेटरच्या पाठीशीं ब्रेकचा निर्वात पंप असतो व त्यास तेलाच्या नळ्या जातात. तेथें चूक झाली तर ती ब्रेकवर बेतते. हायब्रिड गाडींतील नारिंगी तारा तर प्राणघातक दाबाच्या असतात.

काढलेला अल्टर्नेटर भंगारांत घालण्याची घाई करूं नये. पुष्कळदां त्यांतील कार्बन तेवढे झिजलेले असतात, किंवा बेअरिंग गेलेलें असतें. जाणत्या कारागिराकडून तो दुरुस्त करून घ्यावा आणि कापडांत गुंडाळून फडताळांत ठेवावा.