गळवाच्या जंतूची वंशावळ

गळू ही व्याधी इतकी परिचित आहे, की पोटीस बांधून ती बरी होईल असे पुष्कळदा गृहीत धरले जाते. गळवास बहुधा कारण होणारा सूक्ष्मजंतू म्हणजे स्टॅफिलोकॉकस ऑरियस होय. सुमारे एक-तृतीयांश निरोगी माणसांच्या नाकातही त्याचे वास्तव्य असते. त्वचेस खरचटले, की त्याला आत शिरण्यास वाट मिळते.

पेनिसिलिनला न जुमानणारे जंतू वाढल्यावर १९५९ मध्ये मेथिसिलिन हे प्रतिजैविक उपयोगात आले. परंतु त्यालाही दाद न देणारे जंतू १९६१ मध्ये ब्रिटनमध्ये आढळले. मेक-ए या जनुकाच्या साहाय्याने हे जंतू पेशीभित्ती बांधणारे असे एक प्रथिन तयार करतात, की ज्यास औषध नीट चिकटू शकत नाही. दीर्घकाळ हे संकट रुग्णालयांपुरतेच मानले जाई. १९९० नंतरच्या दशकात मात्र अमेरिकेत, रुग्णालयाशी काहीही संबंध न आलेल्या मुलांना व तरुणांनाही त्याची बाधा होऊ लागली. २००४ मध्ये तेथील ११ शहरांतील त्वचारोग्यांची तपासणी झाली. निम्म्याहून अधिक रोग्यांत हा प्रतिरोधी जंतू निघाला आणि त्यांतील ९७ टक्के नमुने ‘यूएसए-३००’ या एकाच कुळातील ठरले.

मग तो कोणाकडून कोणाकडे जातो? जुन्या पोथ्यांचे संशोधक समान लेखनदोषांवरून कोणती पोथी कोणत्या पोथीची नक्कल आहे, हे ठरवितात. जंतूंच्या बाबतीतही तसेच घडते. त्याचा आनुवंशिक लेख सुमारे २९ लाख अक्षरांचा असतो. पिढ्यानुपिढ्या नक्कल होताना त्यात वर्षाकाठी तीन-चार अक्षरे बदलतात व हे बदल पुढील संततीत उतरतात. दोन जंतूंच्या लेखांत फरक जितका थोडा, तितके त्यांचे नाते जवळचे.

न्यूयॉर्कमधील ३८७ नमुन्यांचे लेख याच रीतीने ताडून पाहण्यात आले. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात एकाच घरातील माणसांचे जंतू परस्परांचे निकटचे आप्त आढळले. घर हेच या जंतूचे कोठार होते! एका रोग्यास औषध दिले, तरी कुटुंबात जंतू टिकून राहिल्यास गळू पुन्हा उद्भवण्याचा संभव असतो.

भारतीय उपखंडात उदय पावलेल्या ‘बंगालचा उपसागर’ नामक कुळाचाही असाच मागोवा घेतला गेला. १४ देशांतील ३४० नमुन्यांवरील हा अभ्यास २०१९ मध्ये प्रकाशित झाला. १९९० च्या दशकात अनेक औषधांना तोंड देण्याचे सामर्थ्य मिळाल्यावर हे कुळ फैलावले, असे त्यातून दिसून आले.

यावरून बोध घ्यावयाचा तो साधाच आहे. जखम स्वच्छ करून झाकावी. पंचा, वस्तरा व अंथरूण प्रत्येकाचे निराळे असावे. हात साबणाने धुवावेत. गळू पिळू नये आणि वैद्यकीय सल्ल्यावाचून प्रतिजैविके घेऊ नयेत. प्रयोगशाळेत उलगडलेल्या वंशावळीचा खरा उपयोग घरातील या नित्याच्या दक्षतेतच आहे.