तिचं मार्गशीर्ष नाही

पहाटे सव्वापाच

आज नळाचा दिवस. गुलमंडीत नळ रोज येत नाही. येतो त्या दिवशी सगळं घर त्याच्या वेळेने उठतं. आईने मोटर लावली, मी पाइप पिंपात सोडला आणि धान्याच्या खोलीत गेले. तिथे सध्या धान्य नाही, बॉबिन आहे.

ही खोली निवडली ती तिच्यात उडी मारण्याजोगं काहीच नाही म्हणून. ना कपाट, ना खिडकीची कड. शहाबादी फरशीवर तीन पाय घसरतात, म्हणून भिंतीपासून भिंतीपर्यंत सतरंज्या. दिवा न लावता आधी श्वास मोजायचे. कूस वर जाऊन खाली आली की एक, असं मिनिटभर. झोपलेल्या मांजरीचे 30 च्या आत असावेत. आज 24.

मग चेहरा. मांजर दुखतंय म्हणून ओरडत नाही, तिचं दुखणं तोंडावर वाचावं लागतं. मॉन्ट्रियल विद्यापीठातल्या पशुवैद्यांनी 2019 मध्ये त्यासाठी मोजपट्टीच काढली: कानांची ठेवण, डोळ्यांची फट, नाकातोंडाचा ताण, मिशा आणि डोकं खांद्याच्या वर आहे की खाली. प्रत्येकाला शून्य, एक किंवा दोन गुण. दहापैकी चार झाले की वेदनाशामकाचा विचार करायचा. मला हे आवडलं, कारण ‘बिचारी’ म्हणण्यापेक्षा माप घेणं मला जास्त जमतं. परवा घरी आणली तेव्हा पाच भरले होते आणि मी डॉक्टरांना रात्री साडेदहाला फोन केला होता. आज दोन. मोटर घरघरली तसे तिचे दोन्ही कान आवाजाकडे वळले. पाच दिवसांत पहिल्यांदा.

पिंप भरून वाहायला लागलं होतं. आईने खालून हाक मारली ती मांजरीसाठी नव्हती.

साडेसहा

मार्गशीर्षातला गुरुवार. घरात महिनाभर मांसमच्छी नाही. आईच्या लग्नाच्याही आधीपासूनची ही रीत. आणि डॉक्टरांनी सांगितलंय की काही करून तिने खाल्लं पाहिजे. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिली तर तिच्या यकृतात चरबी साठायला लागते, मग पायाचं राहतं बाजूला. डाळभातावर तिचं भागत नाही. टॉरिन नावाचं जे तिला लागतं ते मांसातच असतं.

यावर मंगळवारी रात्री घरात बराच वेळ शांतता होती. मग आई म्हणाली, “तिचं मार्गशीर्ष नाही.”

तेव्हापासूनची व्यवस्था अशी: चिकन शहागंजातून आणायचं, मागच्या गल्लीतल्या जरीवाल्या चाचींच्या फ्रीजमध्ये ठेवायचं आणि गच्चीवर जुन्या शेगडीवर वेगळ्या पातेल्यात शिजवायचं. मीठ नाही, मसाला नाही, कांदा-लसूण तर मुळीच नाही. कांदा-लसणाने मांजरीच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. हे आईला सांगितलं तर तिचा चेहराच उजळला. “बघ, कांदा-लसूण वर्ज्य. तुझ्यापेक्षा बरी पाळायली.”

आज पाऊण वाटी खाल्लं. खाल्ल्यावर सुई नसलेल्या सिरिंजने गालाच्या कडेने औषध. बॉबिनचं वजन 3 किलो 200 ग्रॅम, त्यामुळे मेलॉक्सिकॅम थेंबांत मोजून, तेही रिकाम्या पोटी नाही आणि मोजक्या दिवसांपुरतंच. हेच औषध माणसांच्या गुडघेदुखीला 7.5 मिलिग्रॅमच्या गोळीत येतं. त्यातली एक गोळी म्हणजे तिच्या रोजच्या मात्रेच्या चाळीसपटीहून जास्त. तापाची साधी पॅरासिटामॉल तर त्याहून वाईट, एका गोळीनेही मांजर जाते. समोरच्या काकूंनी रविवारी प्रेमाने तीच आणून दिली होती. मी “ठेवते” म्हटलं आणि कपाटाच्या वरच्या फळीवर, सुया-कात्र्यांच्या डब्यात ठेवली.

साडेसात

आईने घटाची जागा पुसायला फिनाईलची बाटली काढली. मी जिन्यातूनच ओरडले.

मांजरीच्या यकृताला फिनॉल पचवता येत नाही. पॅरासिटामॉल बाधतं त्यालाही बरंचसं हेच कारण. पुसलेल्या फरशीवरून चालून पंजे चाटले तरी पुरे. आईचं म्हणणं, तिच्या आईच्या घरात मांजरी उकिरड्यावर वाढल्या, त्यांना कधी काही झालं नाही. मी म्हटलं, झालं असेल, मोजलं कोणी? हे बोलायला नको होतं. शेवटी मिठाच्या पाण्याने पुसलं, आणि पुसता पुसता आईच म्हणाली की लक्ष्मीच्या जागेला मिठाचंच पाणी चांगलं.

साडेनऊ

आता जखम. दुकान उघडायच्या आधी, उजेड येतो तेव्हा, रोज त्याच जागी, त्याच अंतरावरून मोबाइलवर एक फोटो. फोटो नसेल तर कालची सूज किती होती हे मनच ठरवतं, आणि मन भित्रं असतं.

अंगात जाकीट आहे. दवाखान्यातून आलेली प्लॅस्टिकची कॉलर घालून ती सतरंजीवरच कलंडायची, म्हणून मंगळवारी रात्री मी बाबांचं जुनं बनियन घेतलं. होजियरी ताणते, काचत नाही. पाठीची लांबी, छाती, पोट, मुंढ्यांमधलं अंतर, सगळं माप घेऊन खडूने आखलं आणि कापलं. घालून बघायला उचललं तेव्हा दिसलं की मुंढे चार कापलेत.

बावीस वर्षं हात कापतोय, त्याला विचारून कापायची सवय नाही. चौथं भोक त्याच बनियनच्या तुकड्याने बंद केलं. ठिगळ बरोबर टाक्यांवर येतं, दुहेरी कापड झालं ते बरंच, असं मी आईला सांगितलं. आईने जाकीट उलटसुलट करून बघितलं आणि परत दिलं.

गाठी सोडल्या. उजवा मागचा पाय मांडीच्या मुळाजवळून काढलाय. केस भादरलेले, त्यामुळे तेवढी बाजू सोललेल्या कोंबडीसारखी दिसते. पहिल्या दिवशी मला बघवलं नव्हतं. आता मी टाके बघते. चौदा आहेत, नायलॉनचे, सुटे. प्रत्येकाची गाठ वेगळी. माझी मशीनची शिवण एका जागी सुटली की कधी कधी दोरा ओढला जाऊन वीतभर उसवते. हे तसं नाही. एक गेला तरी तेरा उभे. टाक्यांमधली अंतरंही अशी सारखी की मला त्या डॉक्टरांना कामावर ठेवावंसं वाटलं.

भोवतीचा काळानिळा रंग डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवला होता. आमचं मॅचिंग सेंटर, दिवसभर डोळ्यांना तेच काम: मंगळवारी तो वांगी होता, काल आमसुली, आज कडेने किंचित हिरवट फिरलाय. खालच्या टोकाला वालाच्या दाण्याएवढी मऊ सूज, पाणी साठल्याची. वाढली नाही. गरम लागली, वास आला, पू किंवा ठिबक दिसली, तर थांबायचं नाही, सरळ उचलून न्यायचं. हळद लावायची नाही, तूप नाही, कुठलंही मलम नाही. जे लावू ते ती चाटणार.

साडेदहा

शटर. आता मी आधी खालच्या पट्टीवर हाताने तीनदा ठोकते, वाकून बघते, मग वर करते.

स्प्रिंग ढिली झाली होती. मिस्त्रीला बोलवायचं दिवाळीच्या आधीपासून चाललं होतं. थंडी पडल्यापासून बॉबिन संध्याकाळी उंबऱ्याशी अस्तराच्या कटपिसांच्या गाठोड्यावर झोपायची. शनिवारी रात्री मी आकडा लावून शटर ओढलं आणि ते माझ्या हातात राहिलं नाही. पायाचा चुरा झाला होता. रविवारी सलाईन, दुखण्याचं इंजेक्शन, एक्स-रे. सोमवारी ऑपरेशन. आधी जीव स्थिर करतात, मग पाय.

लोक विचारतात, काय झालं हो ताई? मी म्हणते, शटरखाली आली. मराठीची ही मोठी सोय आहे. ‘आली’ म्हटलं की ती आपणहून आली.

गुरुवार, त्यात लग्नसराई. सुपारी हनुमानापासून पैठण गेटपर्यंत पाच फळं, विडे, आंब्याचे डहाळे, झेंडूचे ढीग. गुलमंडी म्हणजे फुलांची मंडी असं सांगतात, ते आजच्यासारख्या दिवशी खरं वाटतं. दुकानात राणी रंगाला अस्तर, मोरपंखीला टू बाय टू, सात साड्यांना फॉल-पिको. मधे मधे सल्ले. लंगडी मांजर दुकानात ठेवू नका. ठेवा, लक्ष्मी येते. एकीने जयपूरच्या डॉ. तपेश माथुरांचा व्हिडिओ दाखवला. ते गाई-वासरांना कृत्रिम पाय बसवतात. मी डॉक्टरांना आधीच विचारून बसले होते. कृत्रिम पाय अडकवायला खाली थोडा तरी मूळचा पाय उरावा लागतो, आणि तीन किलोच्या जिवाला त्याची गरजही पडत नाही. मांजरीचं साठेक टक्के वजन पुढच्या पायांवर असतं. मागचा गेला तर चालणं लवकर जमतं, उडीला मात्र वेळ लागतो. वजन वाढू द्यायचं नाही, एवढं जन्माचं पथ्य.

एका गिऱ्हाइकाबरोबर सहा-सात वर्षांची मुलगी होती. तिने विचारलं, “कोणी तोडला तिचा पाय?”

“माझ्या हातून शटर पडलं.”

तिने ते ऐकून घेतलं आणि बटणांच्या बरण्या बघायला गेली.

पोऱ्याला आज पुन्हा बजावलं: दोऱ्याचा तुकडा खाली दिसला की उचल. बॉबिन पिल्लू होती तेव्हा मशीनवरच्या बॉबिन पळवायची, नाव त्यावरूनच पडलं, आणि आम्ही हसायचो. दोरा गिळला आणि त्याचं एक टोक जिभेखाली किंवा पोटात अडकलं, तर आतडं त्याच्यावर गोळा होतं. परकराच्या झालरीला आपण दोरा ओढून चुण्या घालतो, तसं. हे कळल्यापासून हसत नाही.

पावणेदोन

जेवायला वर आले तर आई दारात उभी. “झाली.”

“काय?”

“शी!”

भूल, दुखण्याची औषधं आणि हालचाल नाही, त्यामुळे ऑपरेशननंतर पोट साफ व्हायला दोन-तीन दिवस लागतात हे माहीत होतं. तरी रविवारपासून आम्ही दोघी याच एका बातमीची वाट बघत होतो. मिठाईच्या खोक्याचं रुंद झाकण, कड दोन बोटं उंच, त्यात वर्तमानपत्राचे कपटे. नेहमीची वाळू टाक्यांना चिकटेल म्हणून बंद. आईने सगळं सांगितलं: बसली, डाव्या पायावर तोल गेला, भिंतीला टेकली, पुन्हा बसली. मग पुढच्या पंजाने कपटे ओढायला लागली. “संपादकीय ओढलं तिने वर,” आई म्हणाली.

चार

डॉक्टरांचा फोन. फोटो त्यांनी बघितला होता. अचानक दचकून मागे वळून बघते का, जिथे पाय नाही ती जागा चाटायला धावते का, एवढं दोनदा विचारलं. कापलेल्या नसांचं दुखणं वेगळं असतं, त्यासाठीच रात्रीचं गॅबापेंटिन आहे. त्याने झोप येते आणि पाय लटपटतात; मुळात तीनच, त्यामुळे रात्री खोलीचं दार बंद. टाके बाराव्या दिवशी.

सात

दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती आणि वर आरती चालू होती. नैवेद्य आणायला आई आत गेली, धान्याच्या खोलीचं दार लोटलेलं राहिलं. मी कापूर संपला म्हणून वर आले तेव्हा बॉबिन घटासमोर होती. चौरंगावर पाच फळं, डहाळे, नारळाला नथ. तिने चौरंगाच्या उंचीचा अंदाज घेतला, मागचा भाग नेहमीसारखा दोनदा हलवला आणि उडी मारली.

पुढचे दोन पंजे चौरंगावर पोचले. मागचा एक पोचला नाही. ती कुशीवर पडली, एक सीताफळ घरंगळत तिच्या मागून आलं.

तिथल्या तिथे गाठी सोडून बघितलं. चौदाच्या चौदा. रक्त नाही. माझेच हात थरथरत होते. ती सीताफळाचा वास घेत होती. आईने फळ उचललं, धुतलं आणि परत जागेवर ठेवलं. उष्टं झालं का वगैरे काही नाही.

साडेनऊ

तीनदा ठोकलं, वाकून बघितलं, शटर ओढलं. नव्या स्प्रिंगचं शटर जड येतं, दोन्ही हात लागतात.

अकरा

गॅबापेंटिन दिलं. ते चढायच्या आधी पंधरा-वीस मिनिटं ती अंग चाटते. आज एकदम थांबली, मान उजवीकडे वाकडी केली, डोळे मिटले. जाकिटाच्या ठिगळाखाली काहीतरी भरभर हलायला लागलं. मी हात ठेवला. मांडीच्या मुळाशी उरलेले स्नायू एका लयीत, मशीनच्या सुईसारखे चालले होते. ती उजवा कान खाजवत होती.

मी कानामागे बोट लावलं आणि त्याच लयीत खाजवलं. तिने डोकं बोटावर दाबलं. खाजवून झाल्यावर ठिगळाखालचं थांबलं.

ऑर्डरच्या वहीतच लिहिते, दुसरी वही करायचं राहूनच गेलं. ‘श्वास 24. चेहरा 2. चिकन सकाळी पाऊण वाटी, रात्री पाऊण. शी झाली. सूज तेवढीच. उडी मारली, टाके शाबूत.’ वरच्या ओळीत दुपारचं होतं: ‘मोरपंखी, अस्तर दीड मीटर, मुंढा साडेसात, शनिवारी द्यायचं.’

उद्या नळ नाही. गजर साडेसहाचा लावला.